गडगा सरकला, राखणदार जागीच

इतकी वर्षं झाली, पण ती घटना आठवली की अजूनही कपाळाची शीर उठते. साल एकोणीसशे तिसाच्या थोडं अलीकडचं किंवा पलीकडचं असेल. राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. त्यांची नातवंडं तिथंच नांदत आहेत.

एका सकाळी एका बड्या बागायतदाराने फिर्याद आणली. शेजारच्या विधवेने आमचा गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, पाडला. सोबत वरिष्ठांची चिठ्ठी होती: बाईकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यावा. ह्याच्या आंब्याच्या पेट्या दर मोसमात कोणाच्या बंगल्यावर जात, हे ठाण्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

बाईला बोलावलं. तिचा नवरा गलबतावर तांडेल होता, वादळात गेला. मागे राहिल्या पंधरा-वीस पोफळी आणि त्यांना पाणी द्यायला त्याने खणलेली एक विहीर. नव्या गडग्याने ती विहीरच बागायतदाराच्या आवारात गेली होती. पाणी तुटलं की पोफळी जळणार, मग बाईने खायचं काय?

"गडगा पाडलास?" मी दरडावलं.

"व्हय, पाडला. परत घातला तर परत पाडीन. बाव माज्या धन्यानं खणलीय, सायेब. मला खुशाल आत घाला. सुटले की पयली पहार हातात घेईन."

"बाये, जरा नमतं घे," हवालदार म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दौतीत शाई आहे का ते बघू लागला. जामिनाचा कागद मी तसाच कोरा ठेवला.

जागेवर गेलो. सरकारी मोजणीचा हद्दीचा दगड गायब. जांभा दगड उन्हापावसात काळा पडतो, पण ह्या गडग्यातले निम्मे दगड लाल होते. विचारलं तर बागायतदार म्हणे, "डागडुजी केली ओ गेल्या साली. गडगा आजोबांच्या वेळचा." मी जबाब लिहून घेतला, त्याने सही ठोकली. सोबत नेलेल्या गावच्या दोन्ही पंचांनी माना डोलावल्या. दोघांची घरं त्याच्याच जमिनीत, मग दुसरं काय होणार!

परतताना नारळ उतरवणारा पाडेली वाटेत भेटला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "सायेब, मी काय सांगितलं नाय हां. पण ह्यो राखण कुटं देतो, ती बघा."

आमच्या कोकणात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, डोळ्यांना न दिसणारा. वर्षातून एकदा हद्दीच्या कोपऱ्यावर त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा. ती राखण चुकली तर घराचं वाटोळं होतं, असं लोक मानतात.

राखणीच्या दिवशी दुपारी पोलीसपाटील आणि परगावचे दोन पंच घेऊन मी पडक्या गडग्याआड बसलो. बागायतदार नारळ-कोंबडा घेऊन आला. गडग्यापर्यंत आलाच नाही. विहिरीच्याही पलीकडे, चांगला तीस पावलं मागे, काजूखाली थांबला. तिथं नारळ ठेवून हात जोडून राखणदाराला गाऱ्हाणं घालू लागला. मी पुढे झालो.

"राखण हद्दीवर देतात ना?"

"व्हय... म्हंजे..."

"हद्द तर गडग्याशी. जबाबावर तुमची सही आहे. उचला नारळ, तिकडे ठेवा आणि राखणदाराला सांगा, ही माझी हद्द."

त्याने नारळ उचलला. चार पावलं टाकली आणि थांबला. तोंडाला घाम फुटला होता.

"सायेब, पोराबाळांचं घर हाय माजं."

"आणि त्या बाईचं काय, धर्मशाळा आहे?"

त्याने नारळ परत काजूखाली नेऊन ठेवला. काजूखाली खणायला लावलं. दोन हात खोल सरकारी दगड आडवा निजलेला! उपटायची हिंमत बागायतदाराला झाली, पण राखणदाराच्या जागेवरून फेकून द्यायची झाली नाही. म्हणून गड्याकरवी त्याने तो त्याच खड्ड्यात पुरला होता. पंचनामा केला आणि दगड हलवल्याचा गुन्हा बागायतदारावर नोंदवला.

वरिष्ठांना अहवाल धाडला: "पाडलेला गडगा बाईच्या जागेत होता. स्वतःच्या जागेतले दगड हलवणे हा गुन्हा नव्हे. जामीन घेतला नाही." साहेबांनी बोलावून शेलक्या शिव्या दिल्या, माझ्या नोंदवहीत 'हुकमाची अवज्ञा' असा शेरा मारला आणि घाटावर बदली केली.

निघण्याआधी मुद्दाम त्या वाटेने गेलो. गडग्याच्या दगडांचा बाईने विहिरीला कठडा बांधला होता. बागायतदाराने दगड परत मागायला गडी पाठवला, तेव्हा ती म्हणाली होती, "ज्याचे असतील त्यानं राखणदारासमोर तसं सांगावं नि न्यावेत." कोणी आलं नव्हतं.

कायद्यापुढे बेधडक खोटं बोलणारा माणूसही कुठेतरी एका जागी खरं बोलतो. तपास करणाऱ्याने ती जागा शोधावी, एवढं मी तिथं शिकलो. नमतं न घेण्याचा धडा मात्र त्या बाईचा. तो शेरा पुसून घ्यायला अर्ज कर, असं मला नोकरीभर लोक सांगत राहिले. मी केला नाही.