विहीणबाईंच्या चपला

डोंगरावर जायची टूम मुलाची. लग्न ठरलं होतं, तारीख काढायची बाकी होती, तर म्हणे दोन्ही आयांनी जरा एकत्र चालावं, ओळख होईल. मी लगेच हो म्हटलं. माझा हेतू वेगळाच होता. होणारी सून करंजाच्या कोळ्यांची, तिची आई बंदरावर मासळी विकते. लग्न पनवेलच्या हॉलमध्ये मोजक्या माणसांत व्हावं, हळदीला त्यांच्या बायकांचा नाचबिच नको, हे मला त्या बाईच्या गळी उतरवायचं होतं. घरी मुलापाशी मी याहून वाईट बोलले होते. ते इथे लिहायचीही लाज वाटते.

नवरात्र सरलं होतं, उन्हाचे चटके बसत होते. कपाटात कित्येक वर्षं पडून असलेले ट्रेकिंगचे बूट घालून मी ऐटीत निघाले. विहीणबाई साडी वर खोचून, रबरी चपलांवर. मुलं पुढे गेली होती. माथ्यावर पोचलो तर समुद्राकडून काळं आभाळ चढत आलं, वारा सुटला आणि पावसाने आम्हाला झोडपून काढलं. उतरताना एकदाचं बोलून टाकावं म्हणून मी घसा खाकरला, तोच बुटाचा तळ निघून मागे चिखलात राहिला. थोडं पुढे गेल्यावर दुसराही गेला.

त्या पोट धरून हसल्या. मग आपल्या चपला काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या.

"घाला ताई. मना सवय हाय."

मी एकदाच "नको हो" म्हटलं, तेही तोंडदेखलं. खरं तर पाय केव्हाच चपलेत घातला होता. त्या दगडगोट्यांतून अनवाणी उतरल्या. मी मागून त्यांच्या टाचा बघत राहिले आणि बोलायचं राहून गेलं. खाली आलो तेव्हा पुन्हा लख्ख ऊन.

तिथून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि तांब्या घेऊन माझ्या पायाशी बसल्या. मी पाय मागे ओढले.

"ऱ्हाऊ द्या. लग्नात धुवायचेच हायत, आजच धुते." माझ्या बोटांमधला चिखल काढता काढता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "पोरगी बोलली मना. आमची मानसं जास्त नको तुमाला. मी नाय आनत कोनाला."

मुलाने तिला सांगितलं होतं तर! सगळं सांगितलं की थोडंच? पाय त्यांच्या हातात, उठून जायचीही सोय नव्हती.

"फक्त माझे आयेला आनू का? म्हातारी हाय. कोपऱ्यान बसंल, बोलनार पन नाय."

स्वतःच्या लेकीच्या लग्नाला आपली आई आणायची परवानगी ही बाई माझ्याकडे मागत होती.

"अहो, सगळ्यांना आणा," एवढं कसंबसं म्हणाले आणि मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं, पाय झोंबतोय. त्या आणखी हलक्या हाताने चोळू लागल्या.