आवाज गेला तो महिना

वर्गात ओरडता ओरडता माझा आवाज गेला. बसला किंवा घोगरा झाला असं नाही, गेलाच. भोकरदनच्या शाळेत नववीला गणित शिकवत होते. मागच्या बाकांवर गलका चालला होता, म्हणून मी जोरात म्हणाले, "उभे रा..." आणि पुढचं अक्षर आलंच नाही. घशात काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं. ओठ हलत होते आणि बाहेर नुसती हवा येत होती. सगळी पोरं चिडीचूप झाली. तेवीस वर्षांच्या नोकरीत इतका शांत वर्ग मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी जालन्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. आत एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती.

"महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही," ते म्हणाले.

बोलले तर काय, असं मी हातानं विचारलं.

"तर आवाज असाच राहू शकतो. कायमचा."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

मस्तगडात आमचं तीन खोल्यांचं घर. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि एकुलती एक मुलगी पदवी घेऊन बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. दोघांचा दिवस माझ्या आवाजावर चालतो, अशी माझी खात्री होती. टाकी भरली, मोटार बंद करा, दूध बघ, डबा विसरू नका, स्कार्फ बांध. मुलीच्या अभ्यासाचं वेळापत्रक मीच आखून फ्रिजवर चिकटवलं होतं. कितीला उठायचं आणि कोणत्या वारी कोणता विषय, सगळं त्यात होतं.

नवऱ्यानं मला एक पाटी आणून दिली. पहिले दोन दिवस मी ती सारखी भरत होते आणि पुसत होते. 'गॅस बंद केला का?' असं लिहून होईपर्यंत गॅस बंद झालेला असायचा. तिसऱ्या दिवशी नवरा वैतागला.

"अगं, किती लिहून राह्यलीस? व्हतंय ना समदं बराबर!"

खरंच होत होतं. वेळेवर चहा मिळत होता, भाजीत मीठ नेमकं पडत होतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. रडतानाही आवाज निघाला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत बसले होते. मुलगी येऊन समोर बसली. तिनं एक जुडी ओढून घेतली, दोन-चार काड्या निवडल्या आणि थांबली.

"आई, एक सांगायचंय. तू मधे बोलू शकत नाहीस, म्हणून आजच सांगते. मी ती परीक्षा दिलीच नाही. फॉर्मच भरला नव्हता."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. परीक्षेच्या दिवशी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली होती. पेपर कसा गेला विचारल्यावर "बरा गेला" म्हणाली होती.

"मग कुठे गेल्तीस?" हे शब्द घशापर्यंत आले आणि तिथेच अडकले. खरं सांगते, आवाज असता तर ती गोष्ट तिथेच संपली असती. मी बोलत सुटले असते आणि ती नेहमीसारखी मान खाली घालून आतल्या खोलीत निघून गेली असती. मी पाटी ओढली. लिहिण्यासारखं खूप होतं, पण लिहून होईपर्यंत ती उठून जाईल असं वाटलं, म्हणून एकच शब्द लिहिला. 'का?'

तो एक शब्द वाचून ती रडायलाच लागली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. दिवाळीपासून ती अभ्यासिकेत जातच नव्हती. पिंपळगाव रेणुकाईला माझ्या दिरांचं शेत आहे. त्यांनी तिथे तुती लावून रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली होती, आणि ही त्यांच्याबरोबर ते काम करत होती.

"तू सातच्या गाडीनं भोकरदनला जायचीस ना, मी तिच्या मागच्या गाडीनं निघायचे. दुपारी तुझ्या आधी परत."

म्हणजे कित्येक महिने आम्ही दोघी एकाच रस्त्यानं जात होतो, अर्ध्या तासाच्या अंतरानं. माझ्या शाळेच्या फाटकावरून तिची गाडी जायची, आणि माझी मुलगी कुठे काय वाचतेय हे मला पानासहित माहीत आहे असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगत असायचे.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी पाटी त्याच्यासमोर धरली. 'तुम्हाला माहीत होतं?'

तो चप्पल काढता काढता थांबला. "व्हतं."

मी पाटीवरचा 'माहीत' हा शब्द पुन्हा पुन्हा बोटानं दाखवत राहिले.

"मंग काय करू? तुला सांगायला आल्तो दोनदा. तू बोलूच दिलं न्हाईस." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

रविवारी तिघंही पिंपळगावला गेलो. दीर बांधावर उभे होते. अपराध्यासारखे म्हणाले, "वहिनी, पोरीवर रागावू नका. मीच ये म्हन्लं तिला. लई ध्यान देऊन करती."

शेडमध्ये रॅकवर तुतीचा पाला पसरलेला होता आणि त्यावर हजारो पांढऱ्या अळ्या, माना वर करून जागच्या जागी थिजलेल्या. मला वाटलं मेल्या. घाबरून मी एकीला हात लावायला गेले, तर मुलीनं माझं मनगट धरलं.

"नको आई. कात टाकतायत. आता पाला टाकायचा नाही, हलवायचं नाही, काहीच करायचं नाही. उद्यापर्यंत आपोआप उठतील."

माझं मनगट धरून मला 'थांब' म्हणणारी ही मुलगी मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी शेडचं दार उघडलं तर अळ्या खरोखर उठल्या होत्या आणि भराभरा पाला खात होत्या. पातळ कागद चुरगाळावा तसा बारीक आवाज सगळ्या शेडमध्ये भरला होता. मुलगी तिच्या कामाला लागली. मी एका उलट्या क्रेटवर दोन तास बसून राहिले.

महिन्यानं आवाज परत आला. थोडा जाड झालाय, पण आला. त्या वेळच्या अळ्यांचे रेशमाचे कोष चांगले निघाले.

पुढच्या वेळी मात्र सगळं गेलं. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली, वारं फिरलं आणि औषध तुतीवर उडालं. कुणाला कळलंच नाही. तोच पाला अळ्यांनी खाल्ला. दिरांचा फोन आला तसे आम्ही निघालो. आम्ही शेडमध्ये शिरलो. काल टम्म असलेल्या अळ्या काळवंडून, हिरवं पाणी ओकून पडल्या होत्या. मुलगी झाडू घेऊन उभी होती. ती रडत नव्हती.

माझं सगळं भाषण तयार होतं. 'मी सांगत होते,' इथून ते सुरू होणार होतं, आणि आता घसाही धडधाकट होता. पण तिच्याकडे बघितल्यावर त्यातलं एक वाक्यही मला खरं वाटेना. वाऱ्याचं वेळापत्रक मी आखू शकले असते का? कोपऱ्यातलं घमेलं उचललं आणि तिच्यासमोर धरलं. चौघांनी मिळून सगळं भरून नेलं, लांब खड्डा करून पुरलं, शेड चुन्यानं धुऊन काढली.

हात धुताना तिनं विचारलं, "आई, तू काहीच कशी बोलली नाहीस?"

"काय बोलू? पुढचं काय करायचं ते मला खरंच माहीत नाही, बाई. तुला माहीत आहे का?"

"थोडं थोडं," ती म्हणाली. "तुतीची छाटणी करायची, नवीन पाला येऊ द्यायचा. मग बघू."

ती तिथेच थांबली. आम्ही दोघं एसटीनं परत निघालो. खिडकीशी बसले तेव्हा त्या काळ्या अळ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आणि तरीही कधी डोळा लागला ते कळलं नाही. गाडीत मी कधी झोपत नाही, चालकाच्या गिअरवर माझं लक्ष असतं. जाग आली ती नवऱ्यानं खांद्याला हलवलं तेव्हा. जालन्याचा स्टँड आला होता. गाडी एवढा रस्ता माझ्या देखरेखीशिवाय आली होती, आणि मी दचकून उठण्याऐवजी सावकाश पदर सावरत उतरले.