पर्समधली केबल

मेघना ओव्हाळ घराबाहेर पडताना कुलूप लावते, ओढून बघते, जिना उतरायला लागते, अर्ध्यातून परत वर जाते आणि पुन्हा एकदा ओढून बघते. खाली तिचा नवरा राजरत्न रिक्षा थांबवून उभा असतो आणि रिक्षावाला कावलेला असतो. बरं, घरात चोरून नेण्यासारखं काय आहे म्हणाल, तर एक फ्रिज आणि बुद्धाची पितळी मूर्ती. पण नाही! बाईचा स्वभावच तसा. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर जास्त घातली तर ती जुडी सोडून आतून सडलीय का ते बघणार. शेजारीण म्हणाली, 'आज छान दिसतेस गं,' तर हिच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत एकच, हिला माझ्याकडून काय हवं असेल?

हा वारसा आईकडचा. भीमाबाई, म्हणजे मेघनाची आई, डोंबिवलीत पाथर्लीच्या चाळीत राहायची आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. चाळीचे सगळे मीटर जिन्याखाली. तळमजल्यावरचा दगडू इस्त्रीवाला दिवसा आपल्या मीटरवर तार टाकून इस्त्री तापवतो, असं भीमाबाईचं ठाम मत होतं. म्हणून कामाला निघताना ती मीटरजवळचा चिनीमातीचा फ्यूज उपटायची, रुमालात गुंडाळायची आणि पर्समध्ये टाकून घेऊन जायची. संध्याकाळी आली की फ्यूज बसवायचा, मग घरात उजेड. शाळेतून आलेली मेघना पंख्याशिवाय घामाघूम होऊन अभ्यास करायची आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आपलं जे आहे ते बरोबर घेऊन जावं, एवढं ती शिकली.

आता गंमत बघा, पोरीला नोकरीही ह्या स्वभावाला शोभेल अशीच मिळाली. ठाण्याला नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर छोटी कंपनी आहे, तिथे ती फर्मवेअर लिहिते. कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर बाकी काही सुरू व्हायच्या आधी चिपमध्ये बसलेला एक प्रोग्रॅम जागा होतो, तो फर्मवेअर. कंपनीने शाळांसाठी बिनडिस्कचे कॉम्प्युटर करायला घेतले होते. डिस्कच नाही तर सिस्टिम येणार कुठून? वेबवरून. ब्राउझर जशी पानं मागवतो, तशी ह्या फर्मवेअरने सर्व्हरकडून अख्खी सिस्टिम मागवायची. विनंती पाठवायची, उत्तर आलं का ते सारखं बघत राहायचं, आलेलं उत्तर तुकड्या-तुकड्याने आत घ्यायचं आणि काही गडबड वाटली तर सगळं रद्द करायचं. हे सगळं मेघनाला लिहायचं होतं. सांगायला सोपं आहे हो, पण त्या घटकेला मशीनमध्ये दुसरं कोणी जागं नसतं. अँटिव्हायरस नाही, काही नाही. जो आत शिरला तोच घरमालक.

मेघनाने मग आपल्या वळणाचा कोड लिहिला. सर्व्हर म्हणतो, एवढा माल पाठवलाय? म्हणू दे, आपण मोजून घ्यायचा. उत्तर ठरल्यापेक्षा लांबलं? हाकलून द्यायचं. सर्व्हरचं ओळखपत्र, त्यावरची सही, नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालतं, सगळं निरखून बघायचं. आणि परत पाठवताना कारण द्यायचं नाही. पडद्यावर एकच शब्द, 'नकार'.

'अगं, कारण तरी छाप. उद्या आपल्यालाच शोधावं लागेल,' कंपनीच्या मालकीण संचिता मॅडम म्हणाल्या होत्या.

'चोराला सांगायचं का मॅडम, कुठली कडी सैल आहे ते?' मेघना म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला.

ओळखपत्राची तपासणी तिने कोडमध्ये घातली त्याच आठवड्यात विनीत कामाला लागला. कल्याणचा, नुकतंच लग्न झालेला, कामाला हुशार आणि मेघनाच्या मते नको इतका मोकळा. पाकीट टेबलावर, ड्रॉवर उघडा, लॅपटॉप चालू, आणि साहेब खाली चहाला! जेवायला बसला की डबा पुढे करायचा. 'घ्या ना मॅम, मटार उसळ आहे.' मेघनाने कधी घेतली नाही. इतकं मोकळं माणूस उगाच असतं का? कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि मग ते सुरू झालं. मेघनाचा चाचणीचा बोर्ड टेबलावर कॅबिनेटशिवाय उघडाच असायचा. सकाळी चालू केला की तो वेबवरून सुरूच होईना. नकार. ती चरफडत त्याला चाचणीपुरत्या जोडलेल्या जुन्या डिस्कवरून सुरू करायची, नेटवर्कची वायर काढून घालायची, बंद करून पुन्हा वेबवरून लावायची. चालू! मग दिवसभर अगदी शहाण्यासारखा वागायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा नकार. संध्याकाळी चांगला ठेवून जावं आणि सकाळी बिघडलेला मिळावा, म्हणजे मधल्या वेळात कोणाचा तरी हात लागतोय. ऑफिसच्या किल्ल्या कोणाकडे? संचिता मॅडम, ती स्वतः आणि विनीत. विनीत यायच्या आधी असं कधी झालेलं? नाही. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कोणाकडे बघितलं असतं?

बरं, ती काही बोर्ड तसाच टाकून जायची नाही. निघताना त्याची पॉवर केबल भिंतीतून उपटायची, गुंडाळायची आणि पर्समध्ये टाकून डोंबिवलीला घेऊन यायची. ऑफिसात हसायचे सगळे. हसू देत! पण केबल पर्समध्ये असूनही बोर्ड बिघडतो म्हणजे ह्याच्याकडे दुसरी असणार. तिने विनीतच्या उघड्या ड्रॉवरमध्ये नजर टाकली. होतीच की तशी केबल! आता असल्या केबली त्या ऑफिसात पैशाला पासरी पडलेल्या असतात, पण मेघनाला पुरावा सापडला. मग विनीत जिन्यात हळू आवाजात फोनवर बोलतो, तेही तिला दिसायला लागलं. नवीन लग्न झालेला माणूस हळूच बोलणार ना बायकोशी! पण तिला ते कोण सांगणार?

एकदा तर तोच म्हणाला, 'मॅम, तुमचा बोर्ड सकाळचा का रुसतो? मी बघू का जरा?'

'काही गरज नाही,' ती म्हणाली. चौकशी करतोय बघा, म्हणजे आपल्याला कितपत कळलंय ते काढून घेतोय.

शाळावाल्यांना मशीन दाखवायची वेळ जवळ आली तेव्हा ती संचिता मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि सरळ म्हणाली, 'विनीत इथे असेपर्यंत मी ह्या कोडची खात्री देणार नाही.'

मॅडम चमकल्या. 'अगं, काय बोलतेस कळतंय का तुला? तो अजून कायम झालेला नाही. असल्या कारणावरून काढला तर आपल्या धंद्यात त्याला दारात कोण उभं करेल? तुझी खात्री आहे?'

'माझी खात्री आहे. पुरावाही आणते.'

पुराव्यासाठी तिने राजरत्नचा जुना मोबाइल आणला, चार्जरला लावून पुस्तकांच्या फटीत ठेवला आणि बोर्डाकडे रोखून रेकॉर्डिंग सुरू केलं. आमिष म्हणून त्या संध्याकाळी केबलही भिंतीतच राहू दिली. तिचा पाय निघेना. डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत ती पर्स चाचपत होती.

सकाळी बोर्डाचं बटण दाबलं. पहिल्या फटक्यात वेबवरून सुरू! तिने मोबाइल घेतला आणि रेकॉर्डिंग पळवत पळवत शेवटपर्यंत बघितलं. रिकामी खुर्ची. भिंतीवर एक पाल इकडून तिकडे गेली. कोणी आलं नाही. हायसं वाटायला हवं होतं की नाही? पण तिला राग आला. केवढा बेरकी आहे, कॅमेरा बरोबर हेरला ह्याने! त्या संध्याकाळी तिने कॅमेरा काढला आणि केबल पुन्हा पर्समध्ये टाकली.

सकाळी नकार.

'बघितलंत?' असं ती मोठ्याने म्हणाली, पण ऐकायला कोणी नव्हतं. विनीतची खुर्ची रिकामी होती. मेघना नुकत्याच भिंतीत लावलेल्या केबलकडे बघत राहिली. केबल भिंतीत होती तेव्हा चाललं. केबल पर्समध्ये होती तेव्हा नाही. ह्या वेळी तिने डिस्कवरून सुरू न करता आधी बोर्डाचा सेटिंगचा पडदा उघडला आणि घड्याळ बघितलं. तारीख कित्येक वर्षं मागची होती.

बोर्डावरचा घड्याळ चालवणारा बटणाएवढा सेल मेलेला होता. केबल भिंतीत असली की मशीन बंद असतानाही बारीकशी वीज मिळते आणि घड्याळ चालत राहतं. ही बाई रोज ती उपटून न्यायची, घड्याळ पार जुन्या तारखेवर जायचं, आणि त्या मागच्या तारखेला सर्व्हरचं ओळखपत्र जन्मालाच आलेलं नसायचं. मग काय, नकार! ओळखपत्राची तारीख बघणारी तपासणीच मुळी विनीत आला त्या आठवड्यातली, म्हणून आधी असं कधी झालं नव्हतं. डिस्कवरची सिस्टिम नेटवरून तारीख दुरुस्त करायची, म्हणून दिवसभर ठीक. दुसऱ्या कोणाचा बोर्ड असा वागला असता तर ह्याच मेघनाने चहा संपायच्या आत सेल बदलायला सांगितला असता. कारण छापलं असतं तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण ज्याच्या त्याच्यावर डोळे वटारून बसलेल्या माणसाला स्वतःची पर्स कुठून दिसणार?

ती तशीच केबिनमध्ये गेली. 'मॅडम, विनीत कुठाय?'

'काल तू गेल्यावर बोलले मी त्याच्याशी,' संचिता मॅडम म्हणाल्या. 'किल्ली ठेवून गेला. तू एवढी ठाम होतीस, मेघना, नाहीतर मी थांबले असते.'

मेघनाने तिथे उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग विनीतला फोन करायला म्हणून ती जिन्यात आली आणि बोटाने लावला आईचा नंबर.

'जय भीम. बोल गं, एवढ्या सकाळी?' भीमाबाई म्हणाली.

'आई, दगडूला तू आपल्या मीटरवर तार टाकताना पकडलं होतंस ना?'

'पकडायचं कशाला? बिल वाढून आलेलं एकदा. दुसरं कोण करणार?'

'म्हणजे बघितलं नव्हतंस.'

'अगं, त्याचं तोंडच सांगत होतं. चाळीत कोणी कपडे देईना मग त्याला, गेला खोली सोडून. का गं, त्याचं काय मध्येच?'

'काही नाही,' मेघना म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने विनीतला फोन लावला.

तो दुपारी आला. मेघनाने सगळ्यांसमोर सांगितलं, केबलपासून कॅमेऱ्यापर्यंत, काही लपवलं नाही. 'चूक माझी होती, विनीत. मी तुझं नाव घेतलं, तू काहीही केलेलं नव्हतंस. मला माफ कर.'

विनीत खाली बघत होता. 'तुम्ही मला एकदा विचारायचं होतं ना, मॅम,' तो म्हणाला. 'मी नाही म्हणालो असतो, तुम्हाला खरं वाटलं नसतं, ते ठीक. पण विचारायचं होतं.'

मॅडमनी त्याला किल्ली परत दिली, त्याच आठवड्यात कायमही केला. मेघनाने सेल बदलला, 'नकार'च्या खाली कारण छापायला लावलं आणि शाळावाल्यांसमोर मशीन झकास चाललं. त्या संध्याकाळी तिने केबल भिंतीतच ठेवली. दारापर्यंत गेली, वळून बघितलं, पण परत फिरली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती मुद्दाम विनीतच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. 'आज काय आणलंयस?'

'काही खास नाही, मॅम,' तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं. मग तो चहाला उठला. पाकीट खिशात घातलं, लॅपटॉप मिटला, ड्रॉवरला कुलूप लावलं. दोन पावलं गेला, परत आला आणि कुलूप ओढून बघितलं.