शशीआत्याची गाडी तापत नाही

बंगळूरला लोक हवेसाठी जातात, नोकरीसाठी जातात, काही जण तर निव्वळ पुण्याला कंटाळून जातात. मी गेले ते सत्तरी ओलांडलेल्या एका बाईकडून तिच्या गाडीची किल्ली काढून घ्यायला. ही बाई म्हणजे माझी सख्खी आत्या, शशीआत्या. आणि मला या मोहिमेवर धाडणारा तिचा एकुलता एक मुलगा, अमेय.

अमेयचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात शेंगा सोलत होते. "ताई, आईचं काही खरं नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी दारात गाडी चालू करून नुसती बसते. कुठे जात नाही, काही नाही. विचारलं तर म्हणते, काटा उठला नाही." दिवाळीपासून हे चाललं होतं. शेजारी धुराची तक्रार करत होते. अमेयने फोनवर शोधून शोधून म्हातारपणातल्या विसराळूपणाबद्दल एवढं वाचलं होतं, की त्याला स्वतःचीच काळजी वाटू लागली होती. त्याने स्मृतीच्या डॉक्टरची वेळ घेतली होती आणि गाडीला गिऱ्हाईकही बघितलं होतं. रविवारी ते गाडी घेऊन जाणार होतं. तेवढ्यात मी येऊन आत्याला पटवायचं, कारण "ती तुझंच ऐकते." आत्याने माझं आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, ते साडीच्या रंगाबाबत, आणि ती साडी ती कधी नेसली नाही.

सोलापूरहून रेल्वेने निघाले आणि पहाटेच्या गारठ्यात बंगळूरला उतरले. डिसेंबरातली तिथली सकाळ सोलापूरच्या माणसाला परदेशासारखी वाटते. मी शाल गुंडाळून कुडकुडत होते आणि शेजारून एक आजोबा अर्धी चड्डी घालून फिरायला निघाले होते. ऑटोवाल्याने पत्ता ऐकून "सरी" (ठीक) म्हटलं, मग "ट्रॅफिक स्वल्प (थोडं) आहे" असंही सांगितलं. बंगळूरमध्ये स्वल्प हा शब्द ट्रॅफिकला लावणाऱ्याची जीभ कशी धजावते, कोण जाणे! आत्या राहते त्या महादेवपुऱ्याच्या अलीकडे येईपर्यंत माझी एक डुलकी पुरी झाली.

आत्या एका सरकारी प्रयोगशाळेत होती. तिथल्या लोकांनी मिळून एके काळी इथे घरं बांधली. तेव्हा आजूबाजूला नाचणीची शेतं होती म्हणे. आता काचेच्या इमारतींनी गराडा घातलाय आणि मधेच ही बुटकी घरं पारिजातक, करंज आणि कुंड्यांसकट ठाण मांडून बसली आहेत. करंजाच्या झाडाखाली गाडी उभी होती, इंजिन चालू होतं, आणि आत स्वेटर घातलेली शशीआत्या चष्म्यातून डॅशबोर्डकडे टक लावून बसली होती. अमेयने खिडकीतून मला खूण केली. बघ, म्हणाला तो नजरेनेच.

मी पिशवीसकट शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"आलीस? दार लाव, गार वारं येतंय," आत्या म्हणाली. "अमेयने पाठवलं ना तुला? किल्ली न्यायला?"

मी दार लावलं आणि पिशवी मांडीवर घेतली.

"हा तापमानाचा काटा बघ," आत्या म्हणाली. " गाडी चालू करून चहा प्यायले, पेपर वाचला, तरी जागचा हलायला तयार नाही. थंड इंजिन मी पळवत नाही. काटा नाही म्हणतोय, म्हणजे नाही."

आत्याचं सगळं आयुष्य काट्यांबरोबर गेलं. प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं बरोबर दाखवतात की नाही, हे तपासायचं तिचं काम. काटा काय म्हणतो याला तिच्या लेखी जेवढा मान, तेवढा आमच्या घरात कुणा माणसालाही नव्हता. म्हणून मी विचारलं, "आणि काटाच खोटा असेल तर?"

आत्याने माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने पाहिलं. तिनेही आधी काट्यावरच संशय घेतला होता. सर्व्हिसवाल्यांकडे जाऊन तापमान सांगणारा सेन्सर बदलून घेतला होता. काटा तिथेच. म्हणजे काटा खरा आणि इंजिन खरंच गार. यावर त्या सर्व्हिसवाल्यांनी तिला "मॅडम, बंगळूरची हवाच थंड" असं सांगितलं आणि अमेयला बाजूला घेऊन, मॅडमना आता आराम करू द्या, असं सुचवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हे ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. थंडी पळाली, एवढा फायदा मात्र झाला.

नाश्त्याला आत्याने खाली दोसे (आत भाजी न भरलेले, मऊ जाळीदार डोसे) केले होते. तव्यावरून एकेक ताटात टाकता टाकता तिने मला इंजिनाचं शास्त्र शिकवलं. इंजिनाभोवती पाणी फिरतं आणि रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं. या दोघांच्या वाटेत एक दार असतं, थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह. इंजिन गार असेपर्यंत दार बंद, पाणी आतल्या आत फिरतं आणि लवकर तापतं. तापलं की दार आपोआप उघडतं. "दार उघडंच राहिलं, तर थंडीत खिडक्या उघड्या टाकून शेकोटी पेटवल्यासारखं," आत्या म्हणाली. अमेय लॅपटॉपमागून म्हणाला, "आई, रविवारी गाडी जातेय. आता कशाला खोलायची?" आत्याने त्याच्या ताटात चटणी जरा जोरातच आपटली.

इंजिन गार होऊ दिलं आणि आम्ही परीक्षा घेतली. बॉनेट उघडलं, आत्याने गाडी चालू केली आणि मला रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाईपवर हात ठेवायला सांगितलं. पंख्यापासून ओढणी लांब धर, असंही दोनदा बजावलं. दार बंद असेल तर हा पाईप बराच वेळ गार राहायला हवा आणि मग एकदम तापायला हवा. आमचा पाईप लगेचच कोमट व्हायला लागला आणि कोमटच राहिला. लॉजमध्ये चोवीस तास गरम पाणी म्हणून जे देतात, तेवढाच. "व्हॉल्व्ह उघडा अडकलाय," आत्याने निकाल दिला. किल्ली मागायला आलेली मी आता तिच्या बाजूने उभी होते, ओढणीला काळं लावून.

अमेयने घर सोडून यायला नकार दिला आणि मग आपल्याशिवाय आम्ही काय करू या भीतीने मागच्या सीटवर येऊन बसलाच. तळ्याच्या कडेकडेने, हॉर्नच्या गजरात आम्ही नागेशच्या गॅरेजवर पोचलो. नागेश निपाणीचा. आत्याचं मराठी ऐकलं की तो कन्नड सोडून घरच्या भाषेवर येतो.

"अक्का, थंडीत असंच असतंय की ओ," तो म्हणाला. "टेन्शन घेऊ नकासा."

"नागेश, तू खोल. मग मी टेन्शन सोडते."

"बरं, खोलतो. स्वल्प मागं सरा, ताई."

मी मागे सरकायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात कूलंटचं हिरवं पाणी उसळून माझ्या नव्या सलवारीवर आलं. तोंडाने माझी माफी मागत नागेशने आत बोट घातलं, मग टॉर्च मारली आणि तो चक्क हसायला लागला.

"अक्का, अडकतंय कुठलं? व्हॉल्व्हच न्हाई हितं. कुणीतरी काढून टाकलाय."

"म्हणजे मी चुकले," आत्या म्हणाली, आणि एवढ्या आनंदाने चुकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कुणी काढला असेल, यावर नागेशकडे उत्तर तयार होतं. "तिकडं उन्हाच्या भागात काढतातच की. रायचूर, कलबुर्गीच्या गाड्या आल्या की मीबी काढतो. गाडी गरम होतीया म्हणून रडत येतात, व्हॉल्व्ह काढला की हसत जातात." उन्हाचा भाग म्हटल्यावर मला एकदम आठवलं. गेल्या मे महिन्यात माझ्या लेकीच्या लग्नाला आत्या हीच गाडी घेऊन सोलापूरला आली होती. विजापूरच्या पुढे गाडीने वाफा सोडल्या होत्या, आणि माझ्या नवऱ्याने मोठ्या प्रेमाने ती आपल्या मिस्त्रीकडे नेली होती.

मी तिथूनच त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हो, काढला की," दिलीप अभिमानाने म्हणाला. "आपल्याकडं लागतच नाही तो. आपल्या गाडीचाही काढलाय. का गं, गाडी तापतेय का?"

"नाही," मी म्हटलं. "तापत नाहीये."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. सोलापूरच्या उन्हावरचा इलाज बंगळूरच्या थंडीत येऊन बसला होता, आणि त्यापायी एका शहाण्या बाईला तिच्याच घरात वेडी ठरवायची तयारी चालली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी आत्याची माफी मागायला लागले, तर तिने हातानेच थांबवलं. अमेय चपलेने जमिनीवर रेघोट्या ओढत होता. कान लाल झाले होते त्याचे.

"आई, मी डॉक्टरची वेळ रद्द करतो," तो शेवटी पुटपुटला.

"नको, राहू दे," आत्या म्हणाली. "तू जाऊन ये."

नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत समोरच्या टपरीवर आम्ही कॉफी प्यायलो. मग नागेशने तो बसवला, कूलंट भरलं, आणि मी पुन्हा पाईपवर हात ठेवला. गार. गारच. नागेश गिऱ्हाइकाशी बोलून आला तरी गार. मग एकाएकी पाईप असा तापला की मी ओरडून हात झटकला. आत्या काट्याकडे बघत होती. तो सावकाश उठला, मध्यावर आला आणि तिथे राहिला. तिने चष्मा काढून पुसला. डोळे मात्र पुसले नाहीत. तिचा स्वभाव मी जाणते, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

अमेयची अजून एक शंका शिल्लक होती. "गाडी ठीक आहे गं, पण तुला हे ट्रॅफिक झेपेल का?" दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने त्याला मागे बसवलं, मला पुढे, आणि थेट बेळ्ळंदूरला त्याच्या ऑफिसकडे निघाली. बाहेरच्या रिंगरोडवर तीन ठिकाणी अमेयने डोळे मिटले. एका टँकरवाल्याला आत्या काच खाली करून कन्नडमध्ये असं काही बोलली, की त्याने हात जोडून वाट दिली. काय म्हणालीस, विचारलं तर म्हणाली, "तुला कळून उपयोग नाही, तू सोलापूरची." ऑफिसच्या दारात अमेय उतरला, फोन काढून त्याने गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं, आणि कपाटात दडवलेली दुसरी किल्ली कुठे आहे तेही आत्याला सांगितलं.

मी रिकाम्या हाताने परत निघाले. परतीच्या गाडीत मनाला वाटत राहिलं, की आम्ही घरच्यांनी कुणीच बॉनेट उघडलं नाही. म्हातारं माणूस सापडलं की बिघाड त्याच्यातच असणार, असं धरून चाललो. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे दिलीपशी भांडले, आणि ते इतकं रंगलं की प्रवासाचा शीण गेला.

परवा अमेयचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"ताई, आई सकाळी निघालीय. तुमकूरला इडली खायला जाते म्हणाली. तिथून फोन आला की आता चित्रदुर्गचा किल्ला बघून येते. आता फोनच उचलत नाही. गेल्या आठवड्यात श्रवणबेळगोळ झालं. ताई, तो व्हॉल्व्ह परत काढून टाकता येतो का गं?"

"येतो की," मी म्हटलं. "पण त्यासाठी आधी गाडी सापडायला हवी."