सुकन्याचा फ्लेक्स

कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात अजिनाथ वाबळे अठ्ठावीस हंगाम बॉयलरवर होते. पुढच्या पाळीचा माणूस येऊन ताबा घेत नाही तोवर जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. एकदा बदलीचा माणूस आलाच नाही, म्हणून सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला ते पोचले तेव्हा मांडव उतरवणं चाललं होतं. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

अशा माणसाच्या मुलीने, सुकन्याने, पुण्यातली सहा वर्षांची इंजिनिअरची नोकरी सोडली. जया आणि शुभांगी या कॉलेजपासूनच्या मैत्रिणींनीही राजीनामे दिले. पाठीवर एकेक पिशवी टाकून तिघी जग फिरणार होत्या. सुरुवात व्हिएतनामपासून, पुढे वर्षभर पाय नेतील तिकडे.

अजिनाथांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस त्यांनी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "तुझ्या जागेवर कोन आलं?"

"नव्या बाई आल्यात, अण्णा. दोन महिने थांबून त्यांना सगळं शिकवलं, मगच सोडली."

या उत्तराने ते आणखी भडकले, कारण बोट ठेवायला जागाच राहिली नाही.

इकडे सुकन्याच्या आईने, पुष्पावतीबाईंनी, शेजारणीला सांगितलं होतं की पोरगी परदेशात चाललीय. पुढचं त्यांनी लाजेखातर गिळलं. गावात परदेशात जाणं म्हणजे नोकरी लागणं; तोंडोतोंडी ती जर्मनीतली झाली. आठवड्यात चौकात वीस फुटी फ्लेक्स झळकला: 'जर्मनीतील कंपनीत उच्च पदावर निवड'. वर सुकन्याचा फोटो, खाली यंदा ग्रामपंचायतीला उभे राहणारे भीमराज आणि चौदा शुभेच्छुक. रविवारी शाल-फेट्याचा सत्कारही ठरला.

पुष्पावतीबाई नवऱ्याला विनवत राहिल्या, की होऊन जाऊ द्या, पोरगी गेली की लोक विसरतील. सुकन्या म्हणाली, मी सत्काराला येणार नाही, आणि कोणी विचारलं तर खरं सांगेन. अजिनाथ विळा घेऊन चौकात गेले.

भीमराज तिथेच चहा पीत होता. "अण्णा, छापून झालाय आता. जर्मनी न्हाई तर न्हाई, कोन बघाया जातंय तिकडं?"

"ती नोकरी सोडून हिंडाया चाललीय. मला ते पटलेलं न्हाई, मरेस्तोवर पटनार न्हाई. पन ती माझ्या तोंडावर खरं बोलली. तिला खोट्यात पाडू नका."

"मग कौतुक करायचं तरी कशाचं?"

"करू नका."

त्यांनी दोऱ्या कापल्या. वीस फुटी सुकन्या चौदा शुभेच्छुकांसकट धुळीत पडली. भीमराजने चहा तसाच ठेवला आणि निघून गेला. त्या घराशी तो अजून बोलत नाही.

तिघी ठरल्या दिवशी गेल्या. पण जर्मनी गावाच्या तोंडी बसली ती बसलीच. दळणाच्या रांगेत, सोसायटीच्या ओट्यावर कोणी ना कोणी विचारतंच, पोरीचं जर्मनीत कसं चाललंय? पुष्पावतीबाई असल्या तर बरं चाललंय म्हणून पुढे जातात. अजिनाथ मात्र पिशवी खाली ठेवतात, विचारणाऱ्यासमोर उभे राहतात आणि चढ्या आवाजात पहिल्यापासून सांगतात, की जर्मनी नाही, नोकरी नाही, ती होती ती सोडली, सध्या लाओसात हिंडतीय, आणि मला हे मुळीच मान्य नाही. ऐकणारा निघू लागला तर त्याला थांबवून पुरतं सांगतात.