ल खालचं टिंब

बाबांची पत्रकं हैदराबादेत नामपल्लीच्या एका हिंदी छापखान्यात छापली जायची. स्टेशनमागच्या गल्लीतला तो छापखाना एरवी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचा. त्यांच्या छपाईच्या खिळ्यांमध्ये ळ नव्हता. हिंदीला तो लागत नाही, म्हणून कोणी आणलाच नव्हता. बाबा पहिल्यांदा मजकूर घेऊन गेले तेव्हा मालकाने त्यांची समजूत काढली होती, "ये तुमारा दूसरा वाला ल हमारे पास नै है साब. पैलेच वाला ले लो, दोनों भाई-भाई हैं."

त्यामुळे आमची चळवळ 'चलवल' होऊन यायची, दुष्काळ 'दुष्काल' होऊन यायचा. बाबांनी त्यावर उपाय काढला. जिथे ळ हवा तिथे त्या ल खाली निळ्या पेनाने टिंब द्यायचं. अंबरपेठेतल्या आमच्या वस्तीत ती खूण सगळ्यांना ठाऊक झाली होती.

टिंबं देण्याचं काम माझ्याकडे आणि शेजारच्या काकांच्या मुलीकडे होतं. ती माझ्याच वयाची. आमच्या दोन घरांत एक भिंत सामाईक होती आणि तिच्या आईने फोडणी टाकली की शिंका आमच्याकडे यायच्या. काका आणि बाबा दोघे तरुणपणी नांदेडकडून आलेले, एकाच सरकारी कारखान्यात, शेजारशेजारच्या लेथवर. काका बाबांना मास्तर म्हणायचे, कधी मानाने, कधी चिडवायला. बाबांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं.

वाक्य समजल्याशिवाय टिंब कुठे द्यायचं ते ठरवता येत नाही. 'गाल' तोंडावरचा आहे की नाल्यातला 'गाळ' आहे, 'कल' मनाचा ओढा आहे की पोटातली 'कळ' आहे, हे आधी कळायला हवं. शाळेत आम्हाला तेलुगू आणि इंग्रजी, गल्लीत दखनी. वस्तीतली आमच्या वयाची पोरं मराठी बोलायची, पण मराठी पाटी दिसली की चाचपडायची. आम्ही दोघी मराठी वाचायला शिकलो ते चटईवर पालथं पडून, शाईने बोटं निळी करून. जगही तिथेच शिकलो. रॉकेल का मिळत नाही, नळाला पाणी दिवसाआड का, युद्ध कोणाच्या फायद्याचं, हे मला शाळेच्या पुस्तकाआधी पत्रकातून कळलं.

बाबांची एक रीत होती. कुठलीही गोष्ट घडली की आधी तिचं मूळ शोधायचं, मग खोड, मग फांदी. रॉकेलची रांग ही फांदी. फांदीशी भांडू नका, खाली उतरा, असं ते म्हणत. प्रत्येक पत्रकाच्या वर ठळक अक्षरांत असायचं, 'आधी मूळ शोधा.' छापून यायचं 'आधी मूल शोधा'. एकदा घाईत टिंब राहिलं, तेव्हा वस्तीत नवीन आलेल्या एक बाई पत्रक घेऊन बुद्धविहारात आल्या आणि कोणाचं लेकरू हरवलंय म्हणून विचारू लागल्या. काका पुढे कित्येक दिवस बाबांना विचारत, "मास्तर, सापडलं का मूल?"

रविवारी सकाळी वंदना झाली की विहाराच्या पत्र्याखाली, निळ्या कोटातल्या फोटोसमोर, बाबा ते पत्रक वाचून दाखवत. कारखान्यातून दमून आलेली माणसं मांडी घालून ऐकत. मला वाटायचं, जगात काहीही होऊ दे, रविवारपर्यंत त्याचं कारण कळेल.

मग कारणं पुरेनाशी झाली. नारायणगुड्यात टायपिंगचे क्लास होते, त्यांच्या पाट्या एकेक करून बदलल्या आणि जुनी यंत्रं जिन्याखाली एकावर एक रचलेली दिसू लागली. कालपर्यंत न ऐकलेल्या वस्तू दुकानांत आल्या. आमच्याच वस्तीतला एक जण कोणाच्या तरी अमेरिकेतल्या मुलाचं घर सांभाळायला लागला. बाबा प्रत्येक गोष्टीवर पत्रक काढत राहिले, पण छापून येईपर्यंत दुसरंच काहीतरी झालेलं असायचं.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी नामपल्लीच्या नुमाइशीला, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनाला, गेलो होतो. तिथे एका तंबूत संगणक भविष्य सांगत होता. नाव आणि जन्मवेळ सांगा, कागद बाहेर येतो. मी हसत होते. बाबांनी नंतर त्यावर पत्रकही काढलं, जुनाच पोपट नव्या पिंजऱ्यात म्हणून. ती मात्र हसली नाही. तिने भविष्य विचारलंही नाही. कागद बाहेर सरकताना ती बघत राहिली आणि तंबूवाल्याला म्हणाली, "भय्या, इसमें मराठी का ळ आता?"

तो म्हणाला, सब आता.

परत येताना बस अंबरपेठला पोचल्यावर ती म्हणाली, तिला संगणक शिकायचाय. नारायणगुड्यात वर्षाचा कोर्स आहे, तिने चौकशी केलीय, फी मोठी आहे, पण काका काहीतरी करतील.

काका काय करू शकत होते ते उन्हाळ्याआधीच कळलं. कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्ती. ज्याला जायचं असेल त्याने सही करावी, ठरलेली रक्कम घ्यावी. तो शब्द मी अजूनही शांतपणे उच्चारू शकत नाही. स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती आमची. माणसांनी रक्त आटवून उभा केलेला कारखाना, नफ्यात असलेला विभागसुद्धा, मोडीत काढायचा होता, आणि वर त्याला कामगाराची मर्जी म्हणायचं होतं. ती लूट होती. मी तेव्हा म्हणत होते, आजही म्हणते.

काकांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. सही केली तर पोरीचा कोर्स होतो. रविवारी विहारात सगळे जमले तेव्हा बाबा मूळ सांगू लागले, आणि काकांनी त्यांना मध्येच थांबवलं. तसं ते कधी करत नसत.

"मास्तर, मुळापर्यंत मला नेऊ नका आज. सही करू का नको, तेवढं सांगा."

बाबा म्हणाले, "नको."

"हौ," काका म्हणाले आणि खाली बसले.

बाबांचा हिशोब साधा होता. कारखाना सरकारचा आहे, आणि झाड स्वतःच्या मुळावर कुऱ्हाड घालत नाही. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तर ते बंद करू शकत नाहीत. त्यांनी तसंच पत्रक लिहिलं. त्याचं शीर्षक होतं 'काळ बदललेला नाही'. मालकाची भाषा बदलली आहे, फांदी नवी आहे, मूळ तेच आहे, सही करू नका. मला ते त्यांचं सगळ्यात चांगलं पत्रक वाटलं होतं. अजूनही त्यातलं एखादं वाक्य वाचलं की अंगावर काटा येतो.

छापून आल्यावर गठ्ठा नेहमीसारखा दोघींत वाटून घेतला. मी टिंबं देऊ लागले. थोड्या वेळाने पाहिलं तर तिच्या पेनाचं टोपणही निघालेलं नव्हतं.

"मी देणार नाही," ती म्हणाली.

का, म्हणून विचारलं. म्हणाली, हे पत्रक माझ्याच फीवर उठलंय, त्याला टिंबं मी कशाला देऊ. मी तिला पत्रकातलंच समजावू लागले. एकट्यापुरतं बघायचं नसतं, वगैरे. ते शब्द माझ्या तोंडात इतके मुरलेले होते की ते मी म्हणतेय की पत्रक, हे मला वेगळं करता येत नव्हतं.

"तुझं बरोबरच असेल," ती म्हणाली. "तुमचं नेहमी बरोबरच असतं. पण क्लास जूनमध्ये सुरू होतो."

तिने तिच्या वाट्याचे कागद सरळ केले, तसेच बिनटिंबाचे, आणि जाऊन तिच्या बाजूच्या घरांमध्ये वाटून आली. म्हणजे अर्ध्या वस्तीला ते पत्रक 'काल बदललेला नाही' असं मिळालं. बाबांना ते कळलं. लोकांना सवय आहे, वाचतील बरोबर, एवढंच म्हणाले.

बाबांच्या शब्दावर वस्तीतले बरेच जण थांबले. काका थांबले. इतर वस्त्यांतले कामगार थांबले नाहीत, त्यांनी सह्या केल्या आणि गेले. सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं होतं, पण सगळे म्हणजे कोण हे ठरवणारं पत्रक कोणीच काढलं नव्हतं. मुदत संपली. पुढे विजेचं बिल थकलं असं कारण सांगून एक एक शेड अंधारात गेली, आणि एका सकाळी पहिल्या पाळीची माणसं फाटकावरून परत आली. बंद. थांबलेल्यांना जे मिळायचं ते कोर्टकचेऱ्यांत अडकलं, आणि सुटलं तेव्हा सह्या करून गेलेल्यांपेक्षा कमी होतं. झाडाने स्वतःच्या मुळावर कुऱ्हाड घातली होती, आणि ती घालताना आवाजसुद्धा झाला नव्हता.

बाबा बरेच दिवस काकांसमोर गेले नाहीत. भिंत सामाईक असलेल्या घरात हे किती अवघड असतं ते सांगता येणार नाही. नळावर आधी कोण जातंय याचा अंदाज घेऊन दुसऱ्याने जायचं. पलीकडून खोकला ऐकू यायचा, इकडे बाबा रेडिओचा आवाज लहान करायचे.

शेवटी एका रविवारी सकाळी, विहारात जायच्या वेळेला, बाबा सदरा घालून शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागे होते. काका उंबऱ्यावर बसून लाइटचा बोर्ड दुरुस्त करत होते. आता ते असली किरकोळ कामं घेत. बाबांनी बोलायला सुरुवात केली. त्यांना मूळ सांगायचं नव्हतं, फक्त चुकलं म्हणायचं होतं. पण आयुष्यभर ज्या रीतीने बोलले तीच जिभेवर आली. परिस्थितीचं आकलन, शक्तींचा समतोल, असं काहीतरी ते म्हणू लागले आणि अडखळले.

काकांनी स्क्रू तोंडातून काढला. "राहू द्या मास्तर. माझ्या कागदावर टिंब नव्हतं."

बाबांना समजलं नाही.

"काल बदललेला नाही, असं लिवलेलं होतं माझ्यात. ते खरंच हाय की. काल कुठं बदललाय? तुमची लेथ, माझी लेथ, मधल्या सुट्टीतली ती मिरची भजी. ते कोण बंद करतंय? बदललं ते आज." मग थोडं हसून म्हणाले, "पोरीनं माझ्यापुरतं दुरुस्त करून दिलं बगा."

त्यांनी शिवी दिली असती तर बाबांनी ती झेलली असती. शिव्यांना, लाठीला, बदलीला त्यांच्याकडे उत्तर होतं. या माफीला नव्हतं. ते उंबऱ्याला धरून खाली बसले. मी माझ्या बाबांना रडताना पहिल्यांदा पाहिलं, तेही दुसऱ्याच्या दारात, भर सकाळी, रस्त्यावरून माणसं विहाराकडे जात असताना. काका त्यांच्याकडे न बघता बोर्डाला तार जोडत राहिले. ते बघत नव्हते हीच त्यांची माया होती. त्या रविवारी विहारात वंदना झाली आणि लोक घरी गेले. पुढच्या रविवारीही तसंच. नामपल्लीला बाबा पुन्हा गेले नाहीत.

मैत्रीण मात्र माझ्याशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं, फक्त बोलणं नव्हतं. तिने नारायणगुड्यात एका एसटीडी बूथवर नोकरी धरली होती. ज्या रस्त्यावर तिला शिकायचं होतं त्याच रस्त्यावर. मी खूप दिवसांनी तिथे गेले. काचेची खोली, बाहेर एक टेबल, त्यावर मीटर, एक स्टूल. तिने मला स्टूलवर बसवलं. माझ्याशी ती हिंदीत बोलायला लागली, आणि मग लक्षात येऊन मराठीवर आली.

मी तिला सांगितलं की मी आता स्वतः लिहिते. बंद पडलेल्या कारखान्यांवर, त्या लुटीवर. तिने मान हलवली. चांगलं लिहीत असशील, म्हणाली. मी तिला विचारलं, राग आहे का. तिने मीटरकडे बघत उलट मलाच विचारलं.

"तुला माहीत होतं? बंद होणार ते?"

"नाही."

"तुझ्या बाबांना?"

"त्यांनाही नाही."

"मग माहीत नाही असं का नाही लिहिलं?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आम्ही तुमचं सगळं ऐकत होतो. तेही ऐकलं असतं. तुमच्या बाबांनी विहारात उभं राहून सांगितलं असतं, की बाबांनो, या खेपेला मला कळत नाही, आपापलं बघा. तर माझ्या बापानं सही केली असती."

मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडे उत्तरं होती. नेत्याने शंका दाखवली तर माणसं फुटतात, आणि मालकाला तेच हवं असतं. हे खोटं नाही. पण तिच्यासमोर ते म्हणताना माझ्या तोंडातून पुन्हा पत्रक बोललं असतं, आणि पत्रकाशी तिचं काही राहिलं नव्हतं.

इतक्यात एक माणूस हातात नंबराची चिठ्ठी घेऊन आत आला. त्याला कुठेतरी लांब लावायचा होता. तिने चिठ्ठी घेतली, रिसीव्हर खांद्याला लावला आणि नंबर फिरवायला लागली. तो बसायला जागा बघत होता. मी उठले आणि स्टूल त्याला दिलं.