इनायतचा रांजण

नाव: शौकी बदावी. पद: पाणी-नमुना संकलक. कार्यक्षेत्र: सोहाग शहराची उत्तर बाजू, तेथील सर्व सार्वजनिक नळ. कौटुंबिक स्थिती: विधुर, अपत्य नाही. शेरा: विश्वासू, लोकांकडून नमुन्याखेरीज काही घेत नाही.

शेरा आमच्या साहेबांचा. शौकीकाका लोकांकडून आणखी एक गोष्ट घेत, पण ती कुठल्या रकान्यात बसत नव्हती. त्यांच्या घराबाहेर बायकोच्या नावानं मातीचा मोठा रांजण होता. जाणारा-येणारा थांबायचा, पेला बुडवायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "अल्ला इनायतवर दया करो." काका खिडकीआड बसून ऐकायचे. घरात तिचं नाव घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

पुढे रस्त्यावरचे रांजणही तपासायचा हुकूम आला. मी प्रयोगशाळेत असते. म्हटलं, "काका, तुमचा राहू द्या. घरचाच तो."

"घरचा असता तर घरात ठेवला असता," म्हणाले, आणि बाटली माझ्यापुढे सरकवली.

जंतू निघाले. इतके हात त्यात बुडत होते, न निघून जातील कुठे?

"बाटलीत दोष असेल," मी म्हटलं.

"बाटली तू दिलीस."

मग काकांनी रांजण घासला, झाकण ठोकलं, खाली तोटी बसवली आणि नियमाप्रमाणे क्लोरीनचं औषध घातलं. दुसऱ्या दिवशी गाढवगाडी थांबवून भाजीवाल्या हाजी मुतवल्लीनं घोट घेतला आणि रस्त्यावर थुंकला.

"शौकी, हे पाणी आहे की दवाखाना?"

"आधी त्यात जंतू होते, हाजी."

"असतील. चवही होती. इतकी वर्षं पितोय, मेलो का मी?"

"अजून नाही."

"अरे, औषध जरा कमी घाल. तपासणारा तूच, मालकही तूच. कोण विचारतंय तुला?"

"तीच तर पंचाईत आहे."

हाजीनं गाढवाला हाकललं. थुंकलेल्या पाण्यावर दुवा देत नाहीत, त्यानंही दिली नाही. बातमी त्याच्या भाजीबरोबर गल्लोगल्ली फिरली.

त्यानंतरचा अहवाल मीच टंकला. नमुना समाधानकारक. पाणी पिण्यास योग्य. वापरकर्त्यांची तक्रार नाही.

ते पाणी आता कोणी पीत नाही.